परभणीची बहीण

आमच्या भोसरीत कुणी कुणाला आधी नाव विचारत नाही. ‘गाव कुठलं?’ हा पहिला प्रश्न. एकदा गाव कळलं की तुमच्या भाजीला तिखट किती असणार, दिवाळीत कुठल्या स्टँडवर बॅगा घेऊन उभे राहणार, हे सगळं आपल्याला समजलं असं समोरच्याला वाटतं. आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर लातूर राहतं, समोर ओडिशाची पोरं, कोपऱ्यावर सलूनवाला उत्तर प्रदेश, आणि त्याच्या शेजारी कोकणातलं एक म्हातारं जोडपं, जे इतकी वर्षं इथे काढूनही इथल्या मासळीला नावं ठेवतं. या सगळ्यांच्या खोल्यांचे मालक म्हणजे इथले मूळचे लोक. त्यांच्या शेतांवर कारखाने उभे राहिले, उरलेल्या तुकड्यांवर त्यांनी खोल्या बांधल्या.

नव्या माणसाला याची फार गंमत वाटते. भाषणंही होतात, की या शहराने सगळ्यांना सामावून घेतलं. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शहर कामावर घेतं, एवढं खरं. सामावून घ्यायचं की नाही ते खोलीमालक ठरवतो, आणि गावानंतर तो दुसरा प्रश्न नावाचाच विचारतो.

मी परभणी जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले आणि लग्न होऊन भोसरीत आले. नवऱ्याचं दुचाक्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे, मी घरी ब्लाउज शिवते. आमच्या गल्लीत मुसलमानांची बरीच घरं आहेत, त्यामुळे मला नावाचा त्रास फारसा झाला नाही. झाला तो माझ्या धाकट्या भावाला. तो ठेकेदारामार्फत महाळुंग्याकडे एका कंपनीत लागला. सुरुवातीला आमच्याकडेच राहायचा. एका खोलीत आम्ही नवराबायको, दोन मुलं आणि तो. शिफ्ट सारखी बदलायची, कंपनीची बस भोसरीला यायची नाही, आणि चाकणच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल तर बोलायलाच नको. मग तिकडेच खोली बघतो म्हणाला. बरेच दिवस बघत होता. विचारलं की ‘मिळेल आपा’ एवढंच. शेवटी मिळाली. कशी मिळाली ते त्याने सांगितलं नाही.

या उन्हाळ्यात अब्बा गेले. पहाटे फजरच्या नमाजला उठले, वजूसाठी हातपाय धुवायला बसले आणि तिथेच कलंडले. चाचांचा फोन आला. आधी दोघंही नुसते रडलो. मग ते म्हणाले, “बेटी, ऊन फार आहे. मय्यत ठेवता येणार नाही. असरपर्यंत थांबतो, फार तर मगरिबपर्यंत. भावाला घे आणि लगेच निघ.” असर म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज, मगरिब दिवस बुडाल्यावरची. अब्बांना मुलगा एकच. बापाला कबरीत उतरवायचा मान त्याचा. आणि परभणी म्हणजे इथून दिवसभराचा रस्ता.

भावाचा फोन बंद. तो पहिल्या शिफ्टला होता, आणि कंपनीत फोन गेटवरच काढून ठेवतात. बरं, कंपनी तरी कुठली? ठेकेदार आज या गेटवर उभं करणार, पुढच्या महिन्यात त्या गेटवर. ठेकेदार फोन उचलेना. नवरा गाडी ठरवायला पळाला. म्हणाला, “तू त्याला घेऊन चाकणच्या चौकात ये, मी गाडी तिथेच आणतो.” मी अंगावर होती त्याच साडीत निघाले.

शेअर रिक्षाने मोशी, मोशीहून बस, चाकणला उतरून पुन्हा रिक्षा. कंटेनरच्या मागे कंटेनर. रिक्षावाला जागचा हलेना आणि मी त्याच्यावर डाफरले, जणू ते कंटेनर त्यानेच लावले होते. माझ्या मनात एकच चाललं होतं. तिकडे अब्बांना अंघोळ घालून गुस्ल दिलं असेल, कफन घातलं असेल, सगळे दाराकडे बघत असतील आणि मी इथे एका कंटेनरच्या मागची नंबरप्लेट वाचत बसले आहे.

महाळुंग्यात भाऊ राहतो तो भाग मला साधारण माहीत होता. रस्त्याच्या आत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, तोंडाशी चहाची टपरी. टपरीवाल्याला भावाचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली. “नावावरून न्हाई सांगता यायचं, ताई. जिल्हा सांगा.”

“परभणी.”

“परभणी लई हायेत. कुठला परभणी?”

तिथे बसलेली पोरं मदतीला उठली. वाईट कुणीच नव्हतं. कुणी पलीकडच्या रांगेतून एक परभणी आणला. तो पन्नाशीचा निघाला, जिंतूरकडचा. दुसऱ्याने रात्रपाळी करून झोपलेला एक पोरगा उठवून आणला. “तुझ्या घरचं कुणीतरी गेलंय, बहीण आलीय,” असं त्याला उठवतानाच सांगितलं होतं. तो अनवाणी धावत आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी त्याची बहीण नाही हे कळायला त्याला वेळ लागला. “माझ्या घरी सगळं बरंय ना?” असं तो मलाच विचारत होता. त्याने खिशातून फोन काढला आणि आईला लावला.

मी पुन्हा भावाचं नाव घेतलं, या वेळी मोठ्याने. तेवढ्यात एक पोरगा घाईघाईने जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, तुम्ही आमच्या परभणीच्या आपा ना? मी त्याच्याच खोलीतला, नांदेडचा. जरा हळू बोला. मालकीणबाई बघूलालीय.”

त्याने चार वाक्यांत सगळं सांगितलं. भावाने नाव सांगितलं की या भागातली प्रत्येक रिकामी खोली कालच भाड्याने गेलेली असायची. म्हणून या पोराने स्वतःच्या नावावर खोली घेतली आणि मालकीणबाईला म्हणाला, सोबत माझा एक परभणीचा दोस्त आहे. तिने पुढे काही विचारलं नाही. इथे सगळ्यांना जिल्ह्यानेच हाक मारतात, त्यामुळे नावाची वेळच आली नाही. भाऊ शुक्रवारची नमाज चाकणला जाऊन पढायचा. रमजानमध्ये त्याने ‘पोट बिघडलंय’ म्हणून दिवस काढले. खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं आणि चौघंही गप्प होते.

मालकीणबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. सत्तरीची असेल, नऊवारीतली. तिने हाक मारली, “कोण रं ही?”

“परभणीची बहीण, काकू,” नांदेड म्हणाला. “वडील वारले त्यांचे.”

तिने लसणाचं सूप बाजूला सारलं आणि उठून माझा हात धरला. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. माझ्या मोकळ्या कपाळाकडे एकदा पाहिलं. दुःखात कुंकू राहून गेलं असेल, असं तिला वाटलं असावं. “आजारी हुतं का?” तिने विचारलं. मी सांगितलं, सकाळी अचानक गेले.

“तुज्या भावाला थोरला कोन हाय?”

“कुणी नाही. तो एकटाच.”

“मग थांबत्यात की. पोराबिगर अग्नी न्हाई देत कुनी. तू घोर लावून घेऊ नको, बाय. अग्नी त्योच देनार.”

मी मान हलवली. अब्बांना अग्नी. मी तोंडाला पदर लावला, आणि तिला वाटलं मी रडते आहे. रडत तर होतेच. पण त्या क्षणी मला तिचा संतापही आला होता आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

तिचा मुलगा कंपन्यांना गाड्या पुरवतो, त्याची गेटागेटावर ओळख. तिने त्याला घरातून बोलावून घेतलं. “परभनीचा बाप गेलाय. कुठल्या गेटात हाय बघ आनि आसंल तसा घिऊन ये.” त्याने ठेकेदाराला गाठायला दोन-तीन फोन केले, परभणीला ओळखायला नांदेडला मागे बसवलं आणि बुलेट काढली. जे मला सकाळपासून जमलं नव्हतं ते त्या बाईच्या एका शब्दावर झालं. मी तेव्हाच नाव सांगितलं असतं, तर तिने मुलाला पाठवलं असतं का? मला वाटतं, पाठवलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला सांगितली असती.

भाऊ आला तो कंपनीच्या कपड्यांत, पायात जाडजूड सेफ्टी शूज. उतरल्याबरोबर त्याने आधी मालकीणबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाप गेल्याची बातमी त्याला रस्त्यातच कळली होती. माझ्या तोंडाकडे बघून तो वेगळंच शोधत होता, की मी इथे काय सांगितलं आणि काय नाही. त्याचे ओठ हलले. मौतीची खबर ऐकल्यावर आम्ही ‘इन्ना लिल्लाहि’ म्हणतो, ते म्हणायला गेला आणि मध्येच थांबला. वाकून त्याने मालकीणबाईच्या पायाला हात लावला. ती त्याला पोटाशी धरून म्हणाली, “धाव्वं उरकूनच ये, लेकरा. मदी येऊ नको.”

चाकणच्या चौकात नवरा गाडी घेऊन उभा होता. शिक्रापूर, नगर, पुढे बीडचा रस्ता. भाऊ काचेला डोकं टेकून बसला होता. गाडीत बसल्यावर त्याने जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हटलं, मग एकदाच विचारलं, “चेहरा बघायला मिळेल ना?” मी म्हणाले, मिळेल. बीड मागे टाकलं तेव्हा चाचांचा फोन आला. लोक खोळंबले होते, ऊन सोसवेना. मिट्टी देऊन झाली होती. कबरीत चुलतभाऊ उतरला होता.

आम्ही पोचलो तेव्हा कबरीवर पाणी मारलेलं होतं. भाऊ ओल्या मातीवर तळवे टेकून बसला. फातिहा पढला. रडला नाही. मी रडले ती त्याच्याकडे बघून.

तिसऱ्या दिवशी कबरीवर जाऊन जियारत झाली, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे भावाला कामावर परतायला काही अडचण नव्हती. तो थांबला. अम्मीला वाटलं, बिचारा बापासाठी थांबला आहे. तो दहा दिवस पुरे व्हायची वाट बघत होता. तेवढ्यात ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा लावला, तेही त्याने मुकाट्याने सोसलं. काम दुसरं मिळतं, म्हणाला. खोली मिळत नाही.

भोसरीला उतरल्यावर तो आमच्या घरी न येता सरळ कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरला. मी बॅग घेऊन मागून गेले. “पूरा निकाल दो,” तो म्हणाला. सलूनवाला आमच्यातलाच. त्याने विचारलं, मन्नत आहे का? भाऊ हो म्हणाला. आमच्यात मेलेल्या माणसासाठी डोकं भादरत नाहीत हे त्या सलूनवाल्यालाही माहीत होतं आणि मलाही. माझ्या भावाचे केस दाट, कुरळे, अब्बांसारखे. ते खाली पडत होते आणि मी दारात उभी राहून बघत होते. मला ओरडून वस्तरा थांबवावासा वाटला. थांबवून पुढे काय करणार होते? माझ्याकडे त्याला द्यायला खोली होती का?

काल महाळुंग्याहून त्याचा फोन आला. आवाज बसलेला. मालकीणबाईने त्याचं तुळतुळीत डोकं पाहिलं, त्यावर हात फिरवला आणि ती रडायला लागली. “आपा, मीही रडलो,” तो म्हणाला. “अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा. तिच्यासमोर.”

मग तो म्हणाला, तिने विचारलं, अस्थी कुठं सोडल्या? त्याला चटकन सुचलं ते तो बोलून गेला. आळंदीला, इंद्रायणीत. ती खूश झाली. ती दर एकादशीला आळंदीला जाते. या एकादशीला ती अब्बांच्या नावाने नदीत फूल सोडणार आहे. सोडताना म्हणायला तिला वडिलांचं नाव हवं आहे.

“काय सांगू, आपा?”

मी म्हणाले, “सांग काहीतरी.”

“तू सांग. तू थोरली आहेस.”

एकादशी परवा आहे. सकाळपासून मी मशीनवर बसले आहे. ब्लाउज हातात तसाच आहे आणि मी अब्बांसाठी नाव शोधते आहे.