मिलेनाच्या प्रुफांवरचा दगड

काच फुटली आणि दगड थेट मिलेनाच्या प्रुफांवर येऊन आदळला. मी तिची पाहुणी, समोरच बसले होते. समाजवाद कोसळलेल्या त्या देशात ती डाव्या विचारांचं मासिक चालवते, एवढाच तिचा गुन्हा. काच लागून कपाळातून रक्त वाहत होतं, तरी ती दगडच न्याहाळत राहिली.

"खालच्या फरसबंदी रस्त्याचा आहे. त्या राजवटीत बाबांच्या तुकडीने श्रमदानात बांधलेला."

मला चीड आली. राजवट गेली ते बरंच झालं. पण माणसांनी घाम गाळून बांधलेला रस्ताही उखडून कुणाच्या डोक्यात घालायचा?

खाली दगड मारणाऱ्यांच्या शिव्या चालूच होत्या. "पोलिसांना बोलावते," मी म्हणाले.

"बोलाव. पण आधी दगड जागेवर बसवून येते," कपाळाला रुमाल दाबत ती उठली. "बाबा संध्याकाळी त्याच रस्त्याने येतात. खड्ड्यात पाय जाईल त्यांचा."