पैठणीखालचा निळा शर्ट

फोन आला तेव्हा मी कासारवाडीतल्या माझ्या दुकानात कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जुळवत बसलो होतो. पलीकडे चुलतभाऊ संतोष. "आक्का गेली रे…" आणि लगेच, "फोटोचं तेवढं तू बघ." तापाचं निमित्त झालं आणि आमची सुनंदाआक्का, संतोषची थोरली बहीण, गेली. मला रडू आलं नाही. हात मात्र लगेच कामाला लागले.

आक्का चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर कामाला होती. लग्नाचा विषय तिनं स्वतःच कधीचा मिटवून टाकलेला. सुट्टीच्या दिवशी मोशीहून बसनं यायची आणि स्टूल ओढून माझ्या मागे बसायची. आमच्याकडे माणूस गेला की फोटोत पुरुषाला कोट-टाय चढतो, बाईला पैठणी. रीतच पडली आहे. कॉम्प्युटरवर मूळ फोटोच्या वर पैठणीचा लेयर, म्हणजे थर, ठेवायचा, त्याला मास्क लावायचा आणि वरच्या भागात काळा ब्रश फिरवायचा. तेवढ्यापुरता तो लेयर दिसेनासा होतो आणि खालचा चेहरा वर येतो. "म्हंजे खालचं पुसत न्हाईस तू?" तिनं एकदा विचारलं. म्हटलं, "नाही आक्का, खाली सगळं तसंच असतं." समोर एका आजोबांचा फोटो होता. "बरं हाय की. जन्मभर बंडीत फिरला गडी, अन् मेल्यावर टायनं गळा आवळला त्याचा!" हसून हसून तिला ठसका लागला.

लाइन लीडर झाली त्या दिवशी ती शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता थेट दुकानात आली. निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम. "काढ फोटो," म्हणाली, "आवरायचं न्हाई मला." आक्का गेली त्या दिवशी मी तोच फोटो उघडला, त्यावर पैठणी चढवली आणि घरात लावायचा फोटो, दारातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स, दोन्ही छापले. कुणीही सांगितलं नव्हतं. चारचौघांत बरं दिसेल, एवढंच डोक्यात आलं. त्याची लाज अजून जात नाही.

दहाव्याला घाटावरून मोशीच्या घरी परतलो, तर तिच्या लाइनवरच्या पोरी कामावरून तशाच निळ्या शर्टांत आल्या होत्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "दादा, मॅडमचा फोटो कुठं लावलाय?" ती फ्लेक्सखालीच उभी होती. मी वर बोट केलं. तिनं निरखून पाहिलं. "हां… मॅडमच की," म्हणाली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून घाईनं हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी दुकानात जाऊन पैठणीचा अख्खा मास्क काळा करून टाकला. निळा शर्ट जसाच्या तसा वर आला… तो फोटो फ्रेम करून मोशीला नेला. काकी, आक्काची आई, पैठणीतल्या फोटोला हार घालत होती. "किती साजती रं पैठणी हिला," ती म्हणाली. "एकदा तरी नेसल्याली बघायची व्हती मला. तुज्यामुळं बघितली." पिशवीतली फ्रेम मी बाहेर काढलीच नाही.

ती फ्रेम आता दुकानात, माझ्या टेबलावर असते. परवा एकजण आईचा फोटो घेऊन आला. पैठणी लावा, म्हणाला. मी उठून आक्काची फ्रेम भिंतीकडे फिरवली, आणि पैठणी लावली.