टोलीची यादी वाचणारा मापारी

महादेवराव झाडे गेल्याची बातमी आमच्या सिंदीच्या वार्ताहराच्या पाकिटातून आली. पहिल्या कागदावर कापसाची आवक, दुसऱ्यावर एका संस्थेची सभा आणि तिसऱ्यावर दोन ओळी : कापूस बाजारातले जुने मापारी महादेवराव झाडे यांचे राहत्या घरी निधन, वय अंदाजे सत्तर. मी ती चौथ्या पानावर घेतली. मोडीत निघालेल्या एका विधानसभा मतदारसंघासाठी, आणि त्याच्या मोडतोडीत हरवलेल्या तीसेक घरांच्या मतांसाठी हा माणूस शेवटपर्यंत भांडला, हे त्या दोन ओळींत नव्हतं. ते लिहायला हवं. त्या भांडणातली एक चूक माझी होती.

महादेवरावांचं गाव सिंदीपासून दोन कोसांवर. गावाला लागून नाला आणि नाल्यापलीकडे गोंडांची टोली, म्हणजे तीसेक घरांची वस्ती. टोलीतली माणसं गावातल्या शेतांवर कामाला येत, गावच्या दुकानात मीठ-तेल घेत आणि निवडणूक आली की गावच्या शाळेतल्या बूथवर मत देत. त्या काळचा तो मतदारसंघ आता कुठल्याच नकाशावर नाही. महादेवराव त्याला नुसतं ‘आपला’ म्हणत. सत्तरच्या दशकात मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, तेव्हा ‘आपला’ मोडला आणि त्याचे तुकडे शेजारच्या मतदारसंघांना जोडले गेले. आमच्या भागातली नवी रेघ नाल्यावरून गेली. गाव एका मतदारसंघात, टोली दुसऱ्यात. महादेवरावांनी हरकत पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही. बाजारातले लोक त्यांची थट्टा करत, “मापारी, मोडलेला मतदारसंघ काय जोडून देनार आहे तुमाले सरकार?” ते काटा सोडून वर बघत आणि म्हणत, “मोडला कोनं? मले इचारलं होतं का? मंग माह्या हिशोबानं तो आहेच.”

आणीबाणीनंतरची विधानसभा निवडणूक नव्या सीमांवर झाली. मतदानाच्या दिवशी टोलीची माणसं नेहमीसारखी नाला ओलांडून शाळेत आली. केंद्राध्यक्षांनी यादी पाहिली आणि सांगितलं, तुमची नावं पलीकडच्या मतदारसंघात गेली. माणसं तिकडच्या बूथकडे निघाली. अंतर दोन तासांचं, सोबत म्हाताऱ्या, कडेवर पोरं. तिथल्या यादीतही नावं नव्हती. इकडच्या कारकुनानं टोली तिकडे गेली म्हणून नावं काढली होती. तिकडच्यानं ती इकडेच असतील म्हणून घेतली नव्हती. माणसं परत आली आणि मतदान संपेपर्यंत शाळेसमोर बसून राहिली.

मी तेव्हा वर्ध्याच्या कचेरीत निवडणुकीच्या बातम्या लावत होतो. त्या संध्याकाळी फोनवर कुणीतरी सांगितलं की टोलीतून एकही मत पडलं नाही. मी तीन ओळींची बातमी केली : आदिवासी वस्तीचा मतदानावर बहिष्कार. कुणी टाकला, कशासाठी टाकला, हे विचारलं नाही. शून्य मतांचा तेवढा एकच अर्थ मला ठाऊक होता.

तिसऱ्या दिवशी महादेवराव कचेरीत आले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. बरोबर टोलीतल्या जनाबाई उईके. आमची पहिली भेट ही. कापूस बाजारात वजन ओरडून सांगायचं हे त्यांचं काम, त्यामुळे हळू आवाजात बोलणं त्यांना जमतच नसे.

“हे कोनं लिवलं?”

मी म्हणालो, “मी.”

“तुमी गेलते का तिथं?”

“नाही.”

“मंग बहिष्कार कोनं टाकला त्याचं नाव सांगा. एक नाव सांगा, मी आल्या पावली जातो.”

जनाबाई पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, “दिवसभर चाललो आमी, बाबू. पाय पाह्य माहे. अन् तू लिवतं का आमी घरी बसलो?”

प्रकरण तेवढ्यावर थांबण्यासारखं नव्हतं. नावं यादीत घ्या असा अर्ज घेऊन महादेवराव तहसिलीत गेले होते. तिथल्या बाबूंनी आमच्या बातमीचं कात्रण पुढे केलं. बहिष्कार टाकणाऱ्यांनी आता नावं कशाला मागावीत... असा तो प्रश्न. म्हणजे माझ्या तीन ओळी सरकारी कामात पुरावा झाल्या होत्या. मी संपादकांकडे गेलो. आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा द्यायचं ठरलं. तो छापलाही. महादेवरावांनी तो वाचून अंक टेबलावर ठेवला. “खोटं पयल्या पानावर अन् खरं जाहिरातीखाली? असं वजन आमच्या बाजारात कोनी केलं तर त्याले काट्यावरून उठवते.” जाताना म्हणाले, “रविवारी टोलीत येजो. आता पाहून लिवजो.”

मी गेलो. त्या रविवारी पाहिलेलं काम महादेवराव पुढे दरवर्षी करत राहिले. ते घरोघर फिरून स्वतः यादी करत होते. अर्जात बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं आणि बाया ते उच्चारत नाहीत. महादेवरावांनी त्यावर आपली रीत काढली होती. ते मुद्दाम भलतंच नाव बाजारातल्या आवाजात ओरडत. “जनाबाई, नवरा सोमा!” जनाबाई तोंडाला पदर लावून ओरडल्या, “बाप्पा! तो तं माहा भासरा, मोठा दीर!” सगळी टोली हसली आणि शेजारणीनं खरं नाव सांगून टाकलं. “वहिनी,” महादेवराव लिहिता लिहिता म्हणाले, “सरकारले नवऱ्याचं नाव लागते, नवरा नाई लागत. काऊन लाजता?”

यादी पुरी झाल्यावर त्यांनी सगळ्यांना नाल्यात उभं केलं. पाणी घोट्याइतकं होतं. सीमा इथूनच गेली, तर हजेरीही इथेच, असं त्यांचं म्हणणं. एकेक नाव त्यांनी पुकारलं. टोलीत आपसात गोंडी बोलतात, पण प्रत्येकानं उत्तर दिलं ते आमच्या बोलीत, “हाव, आहो.” जुन्या यादीतून उतरवलेलं एक नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही. मग एक म्हातारा म्हणाला, “तो गेला, पोळ्याले.” महादेवरावांनी त्यावर काट मारली. “खोटं एकही नाव नाई पायजे. एक सापडलं तं बाकी सारी खोटी धरतीन.”

वर्ध्याला येऊन मी ती सगळी नावं बातमीत घातली. संपादक म्हणाले, ही बातमी नाही, हजेरीपट आहे. मी म्हणालो, पहिल्या पानावर बहिष्कार छापला तेव्हा एकही नाव नव्हतं. त्यांनी पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर खूण केली. कंपोझिटरनं कुरकुर केली, पण नावं जुळवली. उईके, कुमरे, मडावी, आत्राम, ओळीनं. महादेवरावांनी तो अंक तहसिलीत नेऊन जुन्या कात्रणाशेजारी ठेवला. बाबू म्हणाले, पेपरात येऊन काय होतं? महादेवराव म्हणाले, “मांगच्या खेपेले तुमीच पेपर दाखवला होता न, साहेब?” अर्ज घेतला गेला. पुढची विधानसभा निवडणूक अपेक्षेपेक्षा लवकर लागली आणि त्या दिवशी टोलीनं मत दिलं. दोन तास चालून दिलं. जवळचा बूथ काही मिळाला नाही.

‘आपला’ मतदारसंघही परत आला नाही. महादेवराव अर्ज करत राहिले, प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर जुन्या मतदारसंघाचं नाव घालत राहिले. असा मतदारसंघ अस्तित्वात नाही, असा शेरा एकदा आला. त्यांनी शेऱ्याखालीच लिहिलं, ‘अर्जदार अस्तित्वात आहे’ आणि अर्ज परत पाठवला. ऐंशीच्या दशकात दोन वेळा पक्षांची माणसं त्यांना भेटायला आली. टोलीची मतं यांच्या हातात आहेत असा त्यांचा समज. महादेवरावांनी चहा पाजून सांगितलं, “माह्या हातात नावं आहेत. मतं त्यायच्या हातात आहेत.”

त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. मागच्या आठवड्यात मी टोलीत गेलो. मतदारयाद्यांची नवी फेरतपासणी लागली आहे आणि प्रारूप यादी दोन तासांवरच्या बूथच्या शाळेत चिकटवून कारकून निघून गेला होता. तिची एक प्रत मी सोबत नेली होती. ती वाचणारं आता कुणी नव्हतं. मी वाचायला लागलो, तेव्हा जनाबाईंनी मला थांबवलं. त्यांना अक्षर येत नाही. “तू नुसता बोट फिरव,” त्या म्हणाल्या. मग उभ्या राहून त्यांनी नावं पुकारायला सुरुवात केली. कागदाशिवाय, घरांच्या क्रमानं, बायांच्या नावापुढे नवऱ्यांची नावं लावून, थेट बाजारातल्या त्या आवाजात. स्वतःच्या नवऱ्याचं नावही त्यांनी पुकारलं. कुणी हसलं नाही. मी बोट फिरवत होतो. दोन ठिकाणी त्यांनी नाव पुकारलं, घरातून “हाव, आहो” आलं, आणि माझं बोट कागदावर थांबलं. नाव नव्हतं.

“लिव,” जनाबाई म्हणाल्या.

दोन्ही अर्ज त्याच दुपारी तहसिलीत गेले. डोक्यावर मतदारसंघाचं नाव कोणतं घालायचं, हे मी विचारलं नाही. जुनं घातलं.