पिट लाइनवरचे आजोबा

नवऱ्याला म्हैसूरला नोकरी लागली तेव्हा मीही बदली मागून घेतली आणि इथल्या रेल्वे डेपोत इंजिनिअर म्हणून रुजू झाले. डेपोत काय चालतं हे प्रवाशांना सहसा ठाऊक नसतं. ते उतरून गेले की रिकामी गाडी आमच्याकडे येते. डबे धुतात, पाणी भरतात, आणि गाडी पिट लाइनवर घेतात. पिट लाइन म्हणजे दोन रुळांच्या मधे माणूस उभा राहील एवढा लांबलचक खड्डा. त्यात उतरून फिटर चाकं, स्प्रिंगा, ब्रेक बघतात. खाली माणसं असली की गाडीच्या दोन्ही टोकांना लाल पाटी लावतात. ती काढल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही.

त्या दिवशी सकाळची गाडी धुऊन झाली होती, खालचं कामही उरकत आलं होतं. मी ऑफिसात चहा घेत होते. तेवढ्यात आमचा एक फिटर दारात आला. हा म्हैसूरच्याच मंडी मोहल्ल्यातला. घरची भाषा मराठी, पण त्याचे पूर्वज इथे कधी आले हे त्यालाही सांगता येत नाही. भाऊ अजून घरचं पिढीजात शिवणकाम करतात, हा एकटाच रेल्वेत. त्याच्या मराठीत मधेमधे कानडी शब्द येत, ते ऐकताना सुरुवातीला मला दर दोन शब्दांनी थांबावं लागे.

"म्याडम, स्वल्प खाली येता काय? एक अज्जा पिटात बसलाय. मराठी बोलतोय. मला अर्धं समजतंय, अर्धं नाही."

मी गेले. पिटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, पँट इस्त्रीची, पायात मात्र घरातल्या सपाता. हात ग्रीसने काळे झालेले. आमची तीनचार माणसं त्यांना वर यायला विनवत होती, कानडीत आणि हिंदीत, आणि ते सगळ्यांना हाताने बाजूला सारत होते.

"आजोबा, तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

मराठी ऐकून त्यांनी वर पाहिलं, पण चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नाही. उलट मलाच झापलं.

"ब्लॉक कुठं गेले? एका चाकाला ब्लॉक नाही. कुणी काढून नेले? अशी गाडी सोडणार तुम्ही?"

मी वाकून चाकांकडे पाहिलं. मग उलगडलं. जुन्या निळ्या डब्यांना चाकावर दाबले जाणारे ब्रेक ब्लॉक असत. आताच्या डब्यांना आसावर चकत्या असतात, ब्रेक त्यांना लागतो. या माणसाला ब्रेक कुठे असतो ते माहीत होतं. फक्त तो जुन्या डब्याचा ब्रेक होता.

"तुम्ही रेल्वेत होता?"

"होता काय? आहे. मिरजेच्या यार्डात. फिटर."

मी सांगलीची. मिरजेचा तो हेल मी लगेच ओळखला. मी स्टेशनवर फोन लावला. रेल्वे पोलिसांकडे एक बाई दोनतीन तासांपासून रडत बसल्याचं कळलं. वडिलांना मिरजेहून स्वतःकडे राहायला घेऊन येत होती. सामान उतरवून हमालाशी बोलत असताना तिची पाठ वळली आणि वडील शेजारून नाहीसे झाले. सगळे त्यांना स्टेशनबाहेर, रिक्षा स्टँडवर शोधत होते. ते परत डब्यात चढले असतील असं कुणाच्या मनात आलं नाही. तिला डेपोत पाठवा, असं मी सांगितलं.

प्रश्न तोवर त्यांना वर आणण्याचा होता. ऊन चढत होतं, पिटात ओल आणि तेलाचा वास. मी म्हटलं, "आजोबा, मुलगी येतेय न्यायला. चला, सावलीत बसू."

"माझी मुलगी शाळेत असते या वेळेला."

"बरं, चहा तरी घ्या वर येऊन."

"पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची नसते. एवढं माहीत नाही तुम्हाला?"

त्यांना उचलून आणणं सहज शक्य होतं. दोघांनी धरलं असतं तर काम झालं असतं. एकाने तशी तयारीही केली, पण आजोबांनी पायरीचा लोखंडी दांडा असा काही घट्ट धरला की त्याने हात मागे घेतला. नियम मला सगळे पाठ आहेत, पण इथे त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

तेव्हा आमचा मंडी मोहल्ल्यातला फिटर पुढे झाला. त्याने टोपी नीट केली, पायऱ्या उतरून आजोबांच्या समोर उभा राहिला.

"मी आलो. रिलीव्हर. उशीर झाला, माफ करा."

आजोबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नवीन आहेस?"

"नवीनच. बदली झाली."

"मराठी असलं कसलं रे तुझं?"

"घरी आईसोबत तेवढं बोलायचो. आई गेली. आता कोण बोलणार?"

आजोबा थोडे निवळले. पण चार्ज असा तोंडी द्यायचा नसतो. ते उठले, त्याला घेऊन खड्ड्यातून चालू लागले, आणि एकेका चाकापाशी थांबून काय बघितलं, काय राहिलं ते सांगू लागले. तो हातातल्या बॅटरीचा उजेड ते दाखवतील तिथे पाडत होता. "हे बघ. इथं कान दे." "देतो." "ब्लॉक चोरीला गेलेत, ते साहेबाच्या कानावर घाल." "आयतु, बरं, घालतो." संबंध डबाभर असं चाललं. आमची माणसं वर रांगेने उभी होती. कुणी हसलं नाही.

डब्याच्या टोकाला पोचल्यावर आजोबांनी रुमालाने हात पुसले, मग मागे फिरून स्वतःच पायऱ्या चढून वर आले. सगळे बाहेर आल्याची खात्री करून मग लाल पाट्या काढल्या.

मुलगी आली ती धावतच. पन्नाशीची असेल. आधी वडिलांवर ओरडली, "अप्पा, जीव घ्याल माझा!" आणि लगेच त्यांचे काळे हात आपल्या ओढणीने पुसू लागली. आजोबांनी तिच्याकडे संकोचाने बघितलं, जसं अनोळखी बाईकडे बघावं. ते तिला दिसलं. तिने हात थांबवले नाहीत.

नंतर माझ्या टेबलाशी बसून ती म्हणाली, "आई गेल्यापासून असं आहे. मी दर वेळी समजावते, अप्पा, तुम्ही रिटायर झालात. मग ते चिडतात, जेवत नाहीत. तुम्ही कसं आणलंत त्यांना वर?"

मी फिटरकडे बोट दाखवलं. तो ओशाळला. "मी काय केलं? सुम्ने, उगाच थोडं खोटं बोललो."

"मला का नाही सुचलं?" ती म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. या वेळी मात्र त्या रडण्यात थोडं हलकं झाल्यासारखं वाटत होतं.

तिचं घर डेपोपासून फार लांब नव्हतं. पहिल्या रविवारी फिटर तिकडे गेला तो विचारपूस करायला. मग दर रविवारी जाऊ लागला. बायको त्याला चिडवते, मला म्हातारपणी सासरा मिळाला. तो आजोबांना स्टेशनवर नेतो. दोघे प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर बसतात, म्हैसूर पाकाचा तुकडा आजोबांच्या हातात असतो, आणि गाड्या येतात-जातात.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. आजोबा मला ओळखत नव्हते. ते फिटरला आपल्या लग्नाची गोष्ट सांगत होते. वरात यार्डाच्या फाटकाशी अडली, मालगाडी काही सरेना, आणि नवरी बैलगाडीतून उतरून डबे मोजत बसली.

"किती झाले मोजून?" फिटरने विचारलं.

"मीपण मोजत होतो. तिचा आकडा चुकला," आजोबा म्हणाले आणि खूप वेळ हसत राहिले.