फुग्यावरची दाढी

सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि त्यामागे सख्खे भाऊ दोन. गिऱ्हाइकं त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. धाकट्यांचा हात इतका हलका, की दाढी होता होता माणसं घोरू लागत. हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि त्यांची खुर्ची रिकामी पडली.

मधुमेह जुनाच, रोज सकाळी इन्सुलिन ठरलेलं. सर्जन म्हणाले, "हळूहळू चालायला लागा." बायको म्हणाली, "अहो, जखम ओली आहे, पडून राहा." धाकट्यांचं डोकं पार भंजाळलं. शेवटी एक दिवस पडून, एक दिवस चालून, असा तोडगा त्यांनीच काढला. चालायचं ते सकाळी, इंजेक्शन घेऊन, उपाशीपोटी. मग घरी येऊन, शिकाऊपणी करत तसं, फुग्याला फेस फासून त्यावर वस्तरा फिरवायचा. फुगा टिकला तर हात शाबूत.

चालल्या दिवशी हात थरथरे, घाम सुटे आणि फुगा फटकन फुटे. पडून राहिल्या दिवशी फुगा गुळगुळीत. म्हणजे चालणंच मुळावर आलं? की हातच गेला? हात गेला तर आपल्यात उरलं काय, या विचाराने त्यांना रडू येई. बायकोला ते डोळ्यात फेस गेल्याचं सांगत.

मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी ही सगळी फुग्यांची कहाणी ऐकवली.

"तेव्हा साखर किती होती?"

"फुगाच तपासला मी."

बाईंनी कपाळाला हात लावला. "इन्सुलिन घेऊन उपाशी चालता, साखर उतरते, म्हणून थरथर. आधी खा, साखर मोजा, मग दहा मिनिटं सपाटीवर चाला. खिशात साखर ठेवा. चक्कर आली, टाके दुखले, की थांबा. वजन इतक्यात उचलायचं नाही."

तसं केलं आणि फुगे टिकू लागले. पण सलूनमध्ये वस्तरा उघडला, की धाकट्यांना पुन्हा हात हलल्यासारखा वाटे. मोजावं तर साखर ठीक. मग हा अशक्तपणा, की नुसती भीती? काही उमजेना. गिऱ्हाईक आलं की ते टॉवेलांच्या घड्या घालत बसत.

एका दुपारी थोरले स्वतःच खुर्चीत बसले आणि त्यांनी मान मागे टाकली. "कर माझी."

"दादा, नको."

"गालापासून सुरू कर. बोलू नकोस."

गाल झाले. वस्तरा गळ्याशी टेकला आणि पात्याखाली थरथर जाणवली. धाकट्यांनी घाबरून हात मागे घेतला, डोळ्यांसमोर धरला. हात स्थिर होता. थरथरत होता तो दादांचा गळा. दादांनी डोळे घट्ट मिटले होते, पण मान तसूभरही हलवली नव्हती.