बसायला मनाई

बसून पगार खाणारी माणसं पुष्कळ असतात. बसकाकांना मात्र बसण्याचाच पगार मिळायचा, आणि तो ते घाम गाळून मिळवायचे. हसू नका, आधी ऐका.

खुर्च्यांचा कारखाना होता. लाकूड एका टोकाला आत यायचं, तासलं जायचं, जोडलं जायचं, आणि दुसऱ्या टोकाला खुर्ची होऊन बाहेर पडायचं. त्या टोकाला जमिनीवर पिवळ्या रंगाने एक चौकोन आखलेला होता. ती काकांची जागा. खुर्ची चौकोनात आली की काका तिच्यावर बसत. आधी डावीकडे कलत, मग उजवीकडे. मग पाठ टेकत, आणि शेवटी वर्गातल्या टारगट मुलासारखे मागच्या दोन पायांवर झुलत. मान वाकडी करून कान द्यायचा. कुठे ‘कर्र’ वाजलं की खुर्ची मागे. नाही वाजलं, तर काका उठत, तिच्या पाठीवर दोनदा थोपटत आणि म्हणत, “जा.”

हे ‘जा’ ऐकल्याशिवाय हमाल खुर्चीला हात लावत नसत. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं. जुन्या मालकांच्या काळात पडलेली पद्धत, तीच चालू राहिली. खुर्ची निघाली, तर तिला कुणीतरी नीट निरोप द्यायला हवा, एवढंच.

काकांना ही सवय इतकी जडली होती की लोकांच्या घरीही ते आधी खुर्ची तपासत. यजमान “बसा, बसा” म्हणत असायचे आणि हे आपले डावीकडे, उजवीकडे. काकू शरमेने अर्ध्या होत. दातांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हाही त्यांनी आधी त्याची खुर्ची पास केली, मग तोंड उघडलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवा मॅनेजर आला.

माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे, पण मी म्हणणार नाही. एका हॉस्पिटलने बाहेर वाट बघत बसणाऱ्या पेशंटसाठी भरपूर खुर्च्या मागवल्या होत्या. मॅनेजरने डोकं चालवलं आणि मागच्या पायाला दोन बोल्ट लागायचे तिथे एकच लावायला सांगितला. पहिली खुर्ची चौकोनात आली, काका बसले, कर्र. दुसरी आली, कर्र. तिसरीवर काका नुसते टेकले, तर ती आधीच कण्हली. काका उठले आणि हात मागे बांधून उभे राहिले. हमालही थांबले.

मॅनेजर धावत आला. “काका, ट्रक दारात उभाय! काय चाललंय हे?”

“साहेब, कर्र वाजतंय.”

“नवं लाकूड आहे, थोडं बोलणारच.”

“बोलत नाहीये साहेब, रडतंय. मागचा पाय सुटणार. बोल्ट एकच आहे.”

मॅनेजरने काकांच्या खांद्यावर हात टाकला आणि आवाज मधाळ केला. “असं करा. तुम्ही बसूच नका. दारात उभे राहा आणि एकदाच मोठ्याने ‘जा’ म्हणा. सगळ्या खुर्च्यांना लागू.”

“सगळ्यांना एकदम?”

“एकदम. घाऊक.”

“पण न बसता ‘जा’ कसं म्हणू?”

“तोंडाने!” मॅनेजर ओरडला.

काकांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं, कारण आयुष्यभर त्यांनी साहेब लोकांना नाही म्हटलेलं नव्हतं. पण शब्द काही केल्या बाहेर येईना. शेवटी त्यांनी तोंड मिटलं आणि मान हलवली. नाही.

मग मॅनेजर स्वतः दारात उभा राहिला आणि गरजला, “जा!” हमाल जागचे हलले नाहीत. त्यांच्यातला एक अदबीने म्हणाला, “साहेब, तुम्ही बसला नाहीत.”

“मी मॅनेजर आहे!”

“हो ना. मग बसा की.”

मॅनेजरने खुर्चीकडे पाहिलं, आणि नेमका तेव्हाच त्याला एक महत्त्वाचा फोन करायचा आठवला.

संध्याकाळच्या आत काकांच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. आरोप काय, तर ‘वरिष्ठांसमक्ष परवानगीशिवाय खुर्चीवरून उठणे.’

आता खरी गंमत पुढे आहे. त्या कारखान्याचा नियम असा, की निलंबित माणसाने चौकशी होईपर्यंत रोज यायचं, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत फाटकाजवळच्या खोलीत थांबायचं, पण आपलं काम मात्र करायचं नाही. काका दुसऱ्या दिवशी गेले आणि वॉचमनच्या बाकावर टेकले. तेवढ्यात कर्मचारी खात्याच्या बाई खोलीत आल्या. हातात नियमांचं पुस्तक.

“उठा, उठा! काय करताय हे?”

“बसलोय.”

“तुमचं काम काय?”

“बसणं.”

“मग?” बाई म्हणाल्या. “निलंबित असताना काम करायचं नाही. केलंत तर थेट नोकरी जाईल. मी मनाने सांगत नाहीये, नियम आहे. घरी हवं तेवढं बसा.”

घ्या! म्हणजे ज्या माणसाने जन्मभर बसायचं काम केलं, त्याला शिक्षा म्हणून उभं केलं, शाळेत करतात तसं. आणि तो बसत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं काम वॉचमनला दिलं. हा वॉचमन म्हणजे अबोल माणूस. फाटक उघडणं आणि बंद करणं, यापलीकडे त्याचा जगाशी संबंध नव्हता. पहिला तासभर तो बाकावर बसला आणि काका समोर उभे. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तोही उठला. दोघं बाकाच्या दोन टोकांना उभे राहून रस्ता बघत राहिले. बाक मधे रिकामा.

रोज दुपारी मॅनेजर चक्कर मारायचा. “पाय दुखतात का हो काका?”

“दुखतात.”

“एक शब्द म्हणा. ‘जा.’ लगेच निलंबन रद्द, लगेच बसा. बघा, बाक कसा रिकामा आहे.”

काका बाकाकडे बघत. आणि मान हलवत.

घरी काकू गरम पाण्यात मीठ टाकून बादली पुढे सरकवायच्या आणि तोंडाचा पट्टा सुरू करायच्या. “एक शब्द! एक शब्द म्हणायला काय जीव जातो तुमचा? घरात येता-जाता दाराला, मांजराला, मला ‘जा’ म्हणता. तिथेच काय जीभ अडकते? नोकरी गेली तर खायचं काय? या वयात कोण ठेवणार तुम्हाला? जाऊन सांगणार काय, की मला उत्तम बसता येतं?”

भीती काकांनाही वाटत होती. खरंच कोण ठेवणार होतं? एके संध्याकाळी पाय बादलीत आणि मान खाली घालून ते म्हणाले, “उद्या चौकशी आहे. म्हणून टाकतो ‘जा.’ हॉस्पिटलवाले बघून घेतील.”

काकू भांडं पुसता पुसता थांबल्या. “कुठलं हॉस्पिटल?”

“ते चौकातलं. बाहेरच्या हॉलसाठी.”

“माझ्या गुडघ्यांच्या डॉक्टरचं?” काकूंनी फडकं आपटलं. “अहो, मी तासन् तास बसते तिथे! म्हणजे माझ्याच बुडाखाली मोडायची होती की ती!”

“तसं बघितलं तर…”

“तसं नि असं काही नाही. उद्या ‘जा’ म्हणालात, तर या घरात पाऊल ठेवायचं नाही. समजलं? आणि दुसरा पाय घाला पाण्यात.”

चौकशी वरच्या हॉलमध्ये होती. चौकशीसाठी बाहेरून एक वयस्कर मॅडम आल्या होत्या. कडक, जाड चष्म्याच्या, अंगाने भारदस्त, आणि जिना चढून दमलेल्या. हॉलमध्ये एक लांब टेबल आणि त्याभोवती त्याच लॉटमधल्या नव्याकोऱ्या खुर्च्या. ही मॅनेजरचीच कल्पना, की चौकशीच त्या खुर्च्यांवर झाली म्हणजे प्रश्नच मिटला.

पण प्रश्न असा आला, की बसेना कुणीच. मॅनेजर भिंतीला टेकून उभा. कर्मचारी खात्याच्या बाई फाईल छातीशी धरून उभ्या. काका उभे, कारण त्यांना मनाईच होती. चहा आला, तोही सगळ्यांनी उभ्यानेच घेतला. मॅनेजरने उभ्याउभ्या सांगितलं की खुर्च्या एकदम दणकट आहेत, डोळे झाकून बसावं. बाईंनी दुजोरा दिला आणि वजन या पायावरून त्या पायावर टाकलं. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “कर्र वाजतं.” बस्स.

असं बराच वेळ चाललं. शेवटी मॅडमनी चष्मा काढला. “एक विचारते. आपण सगळे उभे का आहोत?”

सगळे रिकाम्या कपात बघू लागले.

“मॅनेजरसाहेब, तुम्ही का बसत नाही?”

“कंबर धरलीय, मॅडम.”

“आणि तुम्ही?”

“मी दिवसभर बसूनच असते ना,” बाई म्हणाल्या.

“वेड लागलंय तुम्हाला सगळ्यांना,” मॅडम म्हणाल्या. “माझे गुडघे गेलेत. मी बसतेय.” त्यांनी एक खुर्ची ओढली, पाठ फिरवली आणि टेबलाला हात टेकून हळूहळू खाली जाऊ लागल्या.

काकांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचे ओठ हलले, पण त्यातून आवाज फुटला नाही. कसा फुटणार? ‘बसू नका’ म्हणावं तर सगळंच कबूल केल्यासारखं. काकांना त्या क्षणी त्याची किळस आली. आणि त्यांना मॅडम दिसल्याच नाहीत, दिसल्या त्या काकू, चौकातल्या हॉस्पिटलात, गुडघा धरून खाली बसत असलेल्या. नियम वगैरे त्यांच्या डोक्यात आलाच नाही. त्यांनी झेप घेतली, मॅडमच्या मागची खुर्ची खसकन ओढली, दुसऱ्या हाताने मॅडमना टेबलाशी सावरून धरलं, आणि स्वतः त्या खुर्चीवर दणकन बसले.

कर्र नाही वाजलं. सरळ काडकन आवाज आला. मागचा पाय एकीकडे, काका एकीकडे, आणि तो एकुलता एक बोल्ट घरंगळत मॅनेजरच्या बुटापाशी जाऊन थांबला.

जमिनीवरूनच काका सवयीने म्हणाले, “ही परत.”

मॅडमनी सगळं पाहिलं. तिथल्या तिथे त्यांनी निकाल दिला. खुर्च्या सगळ्या उघडून दुसरा बोल्ट लावायचा, त्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही, आणि काकांवरचा आरोप खोटा. काकांनी कंबर चोळत हात जोडले.

“पण मॅडम,” कर्मचारी खात्याच्या बाई हळूच म्हणाल्या, “ते बसले.”

“मग?”

“निलंबित असताना काम केलं. आपल्या सगळ्यांसमोर. नियम आहे, थेट बडतर्फ.” बाईंचा आवाज रडवेला झाला होता, पण पुस्तक उघडंच होतं.

मॅडमनी नियम वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मागची-पुढची पानं उलटून पाहिली, कुठे फट सापडते का म्हणून. नाही सापडली. “मी जिथे तक्रार करता येईल तिथे करीन,” त्या काकांना म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले. मॅनेजरचं म्हणाल तर मालकांनी त्याला सुरक्षा विभागाचा प्रमुख केलं. धोका त्याला सगळ्यांच्या आधी कळला होता ना!

काका लंगडत खाली आले. डबा घेतला आणि फाटकाकडे निघाले. खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं. तो पिवळा चौकोन उद्या कुणाचा, हा विचार डोक्यातून जाईना.

वॉचमन फाटकात उभा होता. त्याने फाटक उघडलं नाही. तो काकांसमोर आला, त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना हलकेच डावीकडे कलवलं. मग उजवीकडे. मग पाठीला हात लावून थोडं मागे झुकवलं, आणि मान वाकडी करून कान दिला. बराच वेळ दिला. काका श्वास रोखून उभे राहिले.

“वाजतंय का रे काही?” त्यांनी विचारलं.

वॉचमनने मान हलवली. नाही. मग त्याने काकांच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि फाटक सताड उघडलं.

“जा,” तो म्हणाला.

काकांनी डोळे पुसले, डबा या हातातून त्या हातात घेतला.

“येतो,” ते म्हणाले.