आईच्या हातांसाठी बाह्या

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेत होते. सभा संपली की उरलेली पत्रकं घरी यायची आणि आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. पिठाचा डबा उचलला की खाली 'एकजुटीचा', मिठाच्या बरणीखाली 'विजय असो'. त्यामुळे शाळेतला निबंध कोणताही असो, माझ्या शेवटच्या ओळीला उद्गारचिन्ह यायचंच. मराठीच्या बाई म्हणायच्या, "अगं, 'हिवाळ्यातली सकाळ' आहे ही. तिला कशाला पेटवतेस?"

दहावीत 'माझा व्यवसाय' असा प्रकल्प आला. निम्म्या वर्गाने मोबाईलचं दुकान काढलं, कागदावर. मला खरा धंदा हवा होता. आमच्या पाथर्डीकडून दरवर्षी टोळ्या ऊस तोडायला जातात, माझे आईवडीलही. आई परत येते तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा असतात. बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तो महिनाभरात फाटतो. साऱ्या देशाचा चहा गोड करणाऱ्या हातांना एक धड बाही मिळू नये, याचा मला संताप यायचा. ठरवलं, नुसत्या बाह्या शिवायच्या, शर्टावर चढवायच्या. आणि विकायच्या. फुकटाला दयेचा वास येतो.

गावातले शिंपीचाचा शाळा सुटल्यावर मला मशीनवर बसू द्यायचे. मी जुन्या जीन्स गोळा केल्या.

"बेटा, कपडा लई जाड हाय."

"जाडच पाहिजे चाचा. पातं आत शिरलंच नाही पाहिजे."

दोन सुया मोडून पहिली जोडी तयार झाली. सोबत एक पत्रकही लिहिलं. टोळी निघायला आठ दिवस होते. आईने बाह्या घातल्या तर तिच्या टोळीतल्या बायका घालणार, नाहीतर माझाही धंदा कागदावरच.

आई म्हणाली, "आधी कागद वाच." मी घसा ताणून वाचला.

"ह्यात धुवायचं कसं, ते कुठं हाय?"

नव्हतं. मग तिने एक बाही बादलीत बुडवली, पिळून माझ्या हातात चढवली आणि कोयता दिला. "चल शेठाणी, सरपणाच्या तुराट्या तोड."

दहा-बारा तुराट्यांत माझा खांदा भरून आला.

"पहाटं फडात शिरलं की पाल्यावर दव असतंय. पाच मिन्टात माणूस भिजतं. हे दुपारपस्तोर वाळायचं न्हाई. असलं वल्लं वझं घालून ऊस तोडू व्हय?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कव्हा? नुसती सभा घेतली."

लहानपणी मीही फडावर गेले होते. पण पहाटे मी झोपडीत गोधडीत असायचे. दव मला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी चाचांनी चिंध्यांतून शाळेच्या खाकी पँटचा एक पाय काढला. "टेरिकॉट. पोरं नळाखाली भिजत्यात अन् तास संपायच्या आत वाळत्यात." मी वर्गात उभी राहून मुलांकडे आखूड झालेल्या पँटा मागितल्या. हशा झाला. "उद्या शर्ट मागशील!" असं मागच्या बाकावरून आलं. पण दोन दिवसांनी माझ्या बाकावर पिशवी होती, भरलेली.

या वेळी आईला आधी विचारलं. इलॅस्टिक नको, रुततं. नाडी नको, सुटते. बटण लाव. डावी बाही लांब ठेव, कारण ऊस त्याच हाताने कवेत धरतात. मी वहीत लिहीत गेले, भाषण न करता.

जाताना तिने आठ जोड्या बोचक्यात घातल्या. "बघू," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवस काहीच नाही. मी भूमिती करत बसले होते तेव्हा फोन वाजला.

"बाई, वाळत्यात," आई म्हणाली.

"आणि कापतंय का गं?"

"न्हाई. शेजारच्या टोळीतल्या बाया इचारत्यात, अजून हायेत का. फुकट न्हाई मिळायच्या, म्हणलं. अन् तो कागद बी धाड. पर बारका. धुवायचं पहिलं लिही."

मी भूमितीची वही मिटली आणि नवं पत्रक लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहिली: साध्या पाण्यात धुवा, झटकून वाळत घाला.

पुढे उद्गारचिन्ह दिलंच.